मागच्या सीटवरची थाप

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. पटली तर पटली. नाही पटली तर मी रुसणार नाही.

एक आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, पांढरी साडी नाही. मागच्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. दुपारचं कडक ऊन. नसरापूरच्या रस्त्यावर वडापच्या जीपवाले सीट भरायला नेहमीसारखे ओरडत होते.

मी धनाजी, राहणार कामथडी. नसरापुरात माझं गाड्यांना साउंड बसवायचं दुकान आहे. भोरपासून वेल्ह्यापर्यंतची पोरं माझ्याकडे येतात. येताना डोक्यात एकच वॅटचा आकडा असतो, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला. तो आकडा मित्रांना दाखवायला ठीक आहे. सबवूफर, म्हणजे डिकीतला तो धडधडणारा मोठा स्पीकर, सलग किती ताकद सोसतो ते आत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अँप्लिफायर त्याला जुळणारा लागतो. लोकांना वाटतं, छोटा अँप्लिफायर घेतला की धोका नाही. उलट आहे. छोट्याला ताणून ताणून वाढवला की आवाज फाटतो, आणि फाटक्या आवाजानं स्पीकरच्या आतली तार जळते.

आवाज फाटायच्या आधी नेमकं थांबायचं, हे खरं काम.

माझ्याकडे ते काम माझी धाकटी बहीण करायची. आशी.

जन्मापासून बहिरी.

हसू नका. गिऱ्हाइकंही आधी हसायची. आशी मागच्या सीटवर बसायची, पाठ टेकून. सगळा आवाज तिला पाठीच्या कण्यातून कळायचा. मी मागं डिकीत वाकून अँप्लिफायरचा आवाज वाढवायचा स्क्रू फिरवायचो आणि उजवा तळहात सीटच्या पाठीला लावून ठेवायचो. पलीकडून ती थाप मारायची. दोन थापा म्हणजे अजून वाढव. एक थाप म्हणजे बस्स, पोचलं.

आणि तीन थापा म्हणजे मी. लहानपणापासून मला हाक मारायची तर पाठीत तीन थापा. मीही तीन थापा देऊन ओ द्यायचो. नाही दिली की बाईसाहेब जेवायला उठायच्या नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत ती गेली.

रस्त्यावरून गाडी येतेय हे आशी पायांनी ओळखायची. जमीन थरथरली की थांबायची. कधी चुकली नाही. त्या दिवशी रस्त्याला मिरवणुकीचा डीजे लागला होता. सगळी जमीनच थरथरत होती. त्यात मागून आलेला टेम्पो तिला कळला नाही.

अँब्युलन्समध्ये तिचा हात माझ्या उजव्या हातात होता. तिची बोटं माझ्या तळव्यावर हलत होती.

का गाडीच हादरत होती...

मला ओळखता आलं नाही. रस्ता खराब होता, गाडी पळत होती. मग बोटं थांबली. ती मला हाक मारत असेल, तर मी ओ दिलेली नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली आहे.

मी रडलो नाही. दहाव्याला नाही, त्यानंतरही नाही. लोक म्हणाले, धना घट्ट आहे. घट्ट कसला, आत काही हलतच नव्हतं. आणि तेव्हापासून माझा उजवा तळहात बधिर आहे. गरम चहाचा ग्लास धरला तरी कळत नाही. डॉक्टरांनी सुया टोचून बघितल्या. म्हणाले, शिरा तर चांगल्या आहेत. मग मी मीटर लावून काम करायला लागलो.

तर त्या दुपारी शार्दूल आला. भोरचा, बँकेत नोकरीला, शांत माणूस. नवी गाडी घेऊन आला होता.

"धनाजीराव, दणदणाट नको. बाबा बसतात गाडीत. नुसता भरीव आवाज पाहिजे."

"वडलांचं कान शाबूत ठिवतो, सायेब. तुमी च्या घ्या तवर."

शार्दूल समोरच्या टपरीवर गेला. मी सबवूफर बसवला, त्याला जुळणारा अँप्लिफायर जोडला. तपासायचा एकसुरी आवाज लावला आणि मीटरकडे बघत स्क्रू फिरवला. आकडा हद्दीला आला. मी थांबलो.

तेवढ्यात...

सीटची पाठ हलली.

दोनदा.

मला वाटलं शार्दूल येऊन बसला. मी ओरडलो, "सायेब, उतरा की. काम चालू हाय."



मी वाकून रस्त्याकडे बघितलं. शार्दूल टपरीवर होता, हातात ग्लास. गाडीचे मागचे दोन्ही दरवाजे बंद. काचा वर.

सीटची पाठ पुन्हा हलली. दोनदा.

मला भीती वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. काहीच वाटलं नाही. माझा हात सवयीनं स्क्रूवर गेला आणि मी आवाज वाढवला.

पुन्हा दोन.

अजून वाढवला.

पुन्हा दोन.

मीटर हद्दीच्या पुढं गेलं. आवाज फाटला. जळक्या वार्निशचा वास आला. मला सगळं कळत होतं आणि तरी मी स्क्रू फिरवत होतो. समोर सीटच्या कापडावर आतून काहीतरी दाबलं जात होतं. दोनदा... थांबून दोनदा...

"अहो, धूर येतोय! बंद करा!" शार्दूल धावत आला. त्यानंच चावी फिरवली.

मागची सीट रिकामी होती. नव्या गाडीचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पाठीवरच्या प्लॅस्टिकला मात्र सुरकुत्या पडल्या होत्या, एकाच जागी. आशी टेकायची त्या बाजूला.

मी शार्दूलला माझ्या पदरचा दुसरा सबवूफर बसवून दिला आणि या वेळी स्क्रू मीटरच्या हद्दीतच ठेवला. मागं काही हललं नाही. जाताना तो मागच्या सीटकडे बघून गेला.

जळालेला सबवूफर त्याच्या लाकडी खोक्यासकट मी दुकानात जमिनीवर ठेवला. मीटर लावून तपासला. आतली तार तुटलेली. तो आता विजेवरही वाजणार नव्हता. आणि त्याला वायर तर एकही नव्हती.

आई डबा घेऊन आली. सखूबाई म्हणतात तिला, सगळं नसरापूर ओळखतं. डबा उघडता उघडता ती थांबली.

"धना, त्ये हालतंय."

सबवूफरच्या तोंडावरचा काळा कागदी पडदा वर आला. खाली गेला.

एक... दोन... तीन.

मग शांत.

मग पुन्हा तीन.

"कागद तापला आसल," मी म्हणालो.

आईनं ऐकलं नाही. ती खाली बसली आणि तिनं पडद्यावर हात ठेवला. डोळे मिटले. तिच्या बांगड्या हलल्या. तीनदा.

"आशी हाय," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "तुला हाक मारतीया. ओ दे की रं."

मी उजवा तळहात ठेवला.

पडदा वर आला. माझा हात वर उचलला गेला, मी बघत होतो. खाली आला. पुन्हा वर. तीनदा. आणि हाताला काहीच कळलं नाही. कुणा दुसऱ्याचा हात हलावा आणि आपण लांबून बघावं, तसं.

मी डावा हात ठेवून बघितला. त्या हाताला सगळं कळतं.

पडदा थांबला.

डावा काढला, उजवा ठेवला. तीन.

"ओ दे, धना. लेकरू किती येळ हाक मारंल?"

मी लाकडी खोक्यावर तीन थापा मारल्या.

बराच वेळ काही झालं नाही. आई पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, पोचलं.

मग पडदा हलला.

दोनदा.

अजून वाढव.

मी जोरात मारल्या. तीन.

दोन.

मूठ वळून मारल्या.

दोन.

किती वेळ मारत होतो कोण जाणे. आईनं माझं मनगट धरलं तेव्हा थांबलो. "पुरं रं धना, हात बघ तुजा!" हात फुटला होता. खोक्यावर, जमिनीवर रक्त होतं. मी ते बघितलं. दुखत नव्हतं.

आईच्या हुंदक्यांमागं तो कोरडा पडदा हलत होता. दोनदा. थांबून दोनदा.

या गोष्टीला वर्ष होत आलं. कुणी म्हणालं नारळ उतरवून टाक, कुणी म्हणालं नदीत सोड. मी तो सबवूफर टाकलेला नाही. दुकानात मागच्या फळीखाली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढतो आणि खोक्यापाशी बसतो. उजव्या हातानं तीन थापा देतो. माझ्याकडून निघतं ते तिथवर जात नाही, एवढं तर या धंद्यात राहून मला कळतं. कधीतरी एकच थाप येईल म्हणून बसतो.

आई आता दुकानात येत नाही. डबा शेजाऱ्याच्या पोरीकडून पाठवते.

काल दवाखान्यात हाताची पट्टी सोडली, तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? मी नाही म्हणालो. तिथून सरळ दुकानात आलो, शटर ओढलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओ दिली.

दोन.