शेवंतीला मास्तर हवा

मरोळ नाक्यावर वरातीमुळे रिक्षा अडकली आणि मी उगाचच रिक्षावाल्यावर करवादले. मे महिन्याचं ऊन, गळ्याला चिकटलेली ओढणी आणि कानाशी ब्रास बँड! किती वेळ लागेल ते बघायला मान बाहेर काढली… आणि बघतच राहिले.

नवरदेवाखालची पांढरी घोडी जागच्या जागी दुडकत होती. पुढे नाही, मागे नाही. एकेक पाय उचलायचा, क्षणभर हवेत धरायचा, अलगद ठेवायचा. मान कमानदार, कान सैल. अहो, हे ड्रेसाज होतं! नुसत्या इशाऱ्यावर घोड्याला तालात चालवायची ती विद्या, जिच्यापायी मी कोल्हापुरात कॉलेजच्या परीक्षा बुडवल्या होत्या. ती इथे, जिलबीच्या दुकानासमोर?

मी रिक्षातून उडी मारली आणि लगाम धरलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहिले.

"हिला हे कुणी शिकवलं?"

"मी." उंच, उन्हाने रापलेला, भुवईवर जुना वण. "आता बाजूला हो ना, प्लीज. नवरा पडेल."

नवरा खरंच पडायला आला होता. मुंडावळ्या नाकात गेल्या होत्या बिचाऱ्याच्या.

बाबांची बदली झाली म्हणून आम्ही नुकतेच कोल्हापूरहून अंधेरीला आलो होतो. सामान आलं, माझी पांढरीशुभ्र घोडी शेवंती मात्र मागेच राहिली होती. आदल्या दिवाळीत फटाक्याला बुजून ती मला घेऊन उधळली, आणि माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाबांनी त्याच दिवशी ठरवलं, घोडी विकायची. मी रडून, भांडून, उपाशी राहून यंदाच्या तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत मिळवली. तोवर मुंबईत चांगली पागा आणि तिची भीती घालवणारा मास्तर सापडला तर शेवंती माझी. नाहीतर कोल्हापूरचे इनामदार तिला घ्यायला टपलेलेच होते.

शोधाची काय कथा सांगू! जोगेश्वरीच्या तबेलेवाल्याने दोन म्हशींच्या मधली जागा दाखवली. सिनेमाला घोडे पुरवणारा एक जण म्हणाला, "पडायला शिकवतो, डिमांड आहे." शहरातल्या एका बड्या क्लबात पागा झकास होती, पण तिथल्या मास्तरांच्या हातातला चाबूक मला आवडला नाही.

म्हणून ती वरात दिसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्ता विचारत मी मरोळ गावठाणात, चर्चमागे, वरातीच्या घोड्यांच्या पागेत पोचले. त्या लगामवाल्याचं नाव लॉरेन्स. लष्करात घोडेस्वार होता. वडील गेले म्हणून घरी परतला, आणि वडिलांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा गळ्यात पडला. नाचणाऱ्या घोड्यांना मारून, चटके देऊन शिकवतात असं मी ऐकलं होतं. त्यामुळे मी आधी त्याच्या राणीचे, म्हणजे वरातीतल्या त्या पांढऱ्या घोडीचे, चारही पाय चाचपले. एक डाग नाही!

"दातपण बघून घे," तो दाराला टेकून म्हणाला. "घोडीचे हां. माझे नको."

मी हसणार नव्हते. हसले.

शेवंती जूनमध्ये आली. लॉरेन्सची पद्धत ऐकून मी उडालेच. बँडवाल्या गुणाजीची माणसं पागेमागच्या मैदानापलीकडे सराव करायची. बँड वाजला की शेवंतीला गूळ. बस्स! आधी खूप लांबून, मग थोडं जवळून. महिन्याभरात कर्णा ऐकला की बाईसाहेब गूळ शोधायला लागल्या. फटाके मात्र त्याने जवळ फिरकू दिले नाहीत. "घाई केली तर वाट लागेल," एवढंच म्हणायचा. तोवर शेवंतीला त्याने राणीसारखं जागच्या जागी दुडकायला शिकवलं.

आणि मग माझी पाळी.

"पाठ सरळ."

"सरळच आहे."

"मग बघतेस कुठे?"

"घोडीच्या कानांकडे."

"कान पुढे आहेत, सुगंधा. मी इकडे आहे."

मी लाल! रिकीब नीट करताना त्याची बोटं माझ्या बुटाला लागायची, आणि तेवढ्याने माझा दिवस जायचा. घरी आई नाक मुरडायची, "नाव सुगंधा आणि वास लिदीचा!" मी आंघोळ लांबवायची… तो वास मला जाऊ द्यायचा नव्हता.

तुळशीचं लग्न लागलं. त्यानंतरच्या रविवारी बाबा स्वतः पागा बघून निकाल देणार होते. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले. दार ढकललं आणि पायाखालची जमीनच सरकली.

राणी गवत खात उभी होती. शेवंतीची जागा रिकामी!

"गुणाजी घेऊन गेला ना वरातीला," लॉरेन्सची आई, ल्युसीआंटी, अंगण झाडता झाडता म्हणाली.

"राणी तर इथे आहे, आंटी!"

आंटीच्या हातातला झाडू गळून पडला. सीझनचा पहिला मुहूर्त, गुणाजीला एका सकाळी तीन लग्नं, लॉरेन्स मासला गेलेला. पांढरी दिसली ती घोडी, टाकली झूल, निघाला!

तेवढ्यात लॉरेन्स चर्चमधून आला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग आम्ही तिघेही पळत सुटलो. तो टाय खांद्यावर टाकून, मी चपला हातात घेऊन, बाबा मागून "अगं, अगं" करत.

मारुतीच्या देवळाजवळ वरात गाठली आणि त्याच क्षणी कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. शेवंतीच्या पायांजवळ. वर नवरदेव. मी डोळे गच्च मिटले.

माळ संपली. किंचाळी नाही. डोळे उघडले तर शेवंती जागच्या जागी दुडकत होती… एकेक पाय उचलून, अलगद ठेवत… आणि मधूनच गुणाजीच्या खिशात गूळ हुंगत होती. लॉरेन्सने धावत जाऊन लगाम धरला. मी रस्त्यातच रडायला लागले.

"कमाल केलीत!" बाबांनी लॉरेन्सची पाठ थोपटली. "मुद्दाम पाठवलीत ना, मला दाखवायला?"

हो म्हण. मी मनात ओरडले. हो म्हण रे!

"नाही, अंकल," लॉरेन्स म्हणाला. "चूक झाली. माझ्या पागेतून भलतीच घोडी गेली. मी असतो तर तिला फटाक्यांजवळ नेलीच नसती. हा नवरा मेला असता."

बाबांचा हात खाली आला. "म्हणजे केवळ नशिबाने निभावलं? मग उद्याच्या उद्या घोडी हलवायची. इनामदारांना मी आजच कळवतो."

मला लॉरेन्सचा इतका राग आला की बस! गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? आणि मग कळलं… गप्प बसला असता तर तो मला इतका आवडलाच नसता.

"बाबा, मास्तर शोध म्हणून तुम्हीच सांगितलंत. शोधला. घोडी इथेच राहणार."

"आणि पुन्हा अशी चूक झाली तर?"

"होणार नाही. मी असेन ना इथे. रोज. मला याच्याशी लग्न करायचंय."

कर्णा बंद. ढोल बंद. लॉरेन्सच्या हातून लगाम सुटला.

"अंकल, देवाशप्पथ," तो कसाबसा म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं!" बाबा ओरडले.

"मला तरी कुठे?" मी म्हणाले. "आत्ताच कळलं."

"अहो, माझा मुहूर्त!" वरून नवरदेव कळवळला.

लॉरेन्स माझ्याकडे बघत होता. भुवईवरचा वणसुद्धा लाल झाला होता. "सुगंधा… हो."

"काय हो?"

"तू विचारलंस ना? हो."

बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं. मोकळ्या लगामाने, एवढ्या गर्दीत, नवऱ्याला घेऊन शांत उभ्या असलेल्या शेवंतीकडे त्यांनी पाहिलं.

"इनामदारांना काय सांगू मी?"

"घोडी द्यायची नाही म्हणून सांगा."

"आणि तुझ्या आईला?"

बाबांनी सुस्कारा सोडला, खाली पडलेला लगाम उचलला आणि लॉरेन्सच्या हातात दिला.