भोंगा सरांचा बसलेला आवाज

तिला आवाज आधी भेटला, माणूस नंतर.

कॉलेजच्या मैदानाला लागून असलेल्या इमारतीत ती राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो आवाज खिडकीतून थेट तिच्या चहाच्या कपापर्यंत पोचला. "मागे ये... अरे मागे, मागे म्हणजे पुढे नव्हे..." शेजारणीने कपाळाला हात लावून सांगितलं, ते फुटबॉलचे सर. तीस वर्षं हेच चाललंय. मुलं त्यांना भोंगा सर म्हणतात. होईल सवय.

तिला काही सवय होईना. ती रुग्णालयात कान-नाक-घशाच्या विभागात काम करायची. बसलेले, चिरकलेले आवाज व्यायाम देऊन पुन्हा वळणावर आणायचे, हेच तिचं काम. बिघडलेल्या गाडीचा आवाज ऐकून मेकॅनिक मान हलवतो, तशी ती रोज खिडकीत मान हलवायची. 'डावीकडे' म्हणताना तो आवाज 'डा'वर फाटत होता. रोज थोडा जास्त.

एका सकाळी कामाला निघायला उशीर झाला म्हणून तिने मैदानातून वाट काढली. ती सरांच्या मागून जात होती, तेवढ्यात तो 'डा'वर आला आणि — पुढे काहीच आलं नाही. नुसती हवा.

ती थबकली. त्याने वळून पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला, कानांवरचे केस पांढरे, एक गुडघा किंचित अवघडलेला.

"चपला घालून मैदानात यायचं नाही," तो खरखरत म्हणाला.

"आणि गाठ घेऊन ओरडायचं नाही."

"कसली गाठ?"

"घशातली. बहुतेक आहेच. तपासून घ्या."

"तुम्ही ज्योतिषी का?"

"मी शेजारीण. तुमच्यामुळे मला गजर लावावा लागत नाही."

तो हसला, आणि हसता हसता खोकला. तिने चपला हातात घेतल्या आणि उरलेलं मैदान अनवाणीच ओलांडलं. गवत दवाने भिजलेलं होतं. मागून एकही हाक ऐकू आली नाही. म्हणजे तो बघत उभा असणार. तिने वळून बघायचा मोह आवरला... जेमतेम.

चार दिवसांनी तो रुग्णालयात आलाच. सोबत वहिनी. तो थोरल्या भावाच्या घरी राहायचा, आणि त्या घरात वहिनीचा शब्द शेवटचा असायचा. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. गाठ होती. पंधरा दिवस एकही शब्द नाही, मग हळूहळू व्यायाम.

"कुजबुजायचंसुद्धा नाही," तिने बजावलं. "त्याने ताण वाढतो."

"त्याची काळजी नको," वहिनी म्हणाली. "भावोजी घरी बोलतात कुठे? आवाज बसलाय हे आम्हाला दूधवाल्याने सांगितलं." मग कुणी विचारलं नसताना पुढे, "लग्नाचा विषय काढला की यांचा सामना असायचा. अजून सामने चालूच आहेत. तुमच्या घरी कोण कोण, मॅडम?"

"मीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली."

त्याने वहिनीकडे डोळे वटारून पाहिलं. पण बोलायची बंदी असलेल्या माणसाला कोण घाबरतं? वहिनीने निघताना तिला घरी चहाला बोलावूनच टाकलं.

तो गप्प राहतो की नाही, हे बघायला म्हणून ती सकाळी मैदानावर जायला लागली. तो हातवारे करायचा, मुलं भलतीकडेच पळायची आणि तो केस उपटायचा. दोन-तीन दिवस तिने मजा बघितली. मग एकदा त्याचा हात डावीकडे वळला आणि तिने पोटातून श्वास घेऊन, जराही न ओरडता हाक दिली. "डावीकडे जा." हाक पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत स्वच्छ गेली. सगळा संघ डावीकडे धावला. तो तिच्याकडे बघतच राहिला. मुलं एकमेकांना कोपराने ढोसत होती.

"असं ओरडायचं असतं," ती म्हणाली. "शिकवेन. आधी गाठ विरू दे."

पंधरा दिवस संपले, आणि त्याला रोज थोडा वेळ हळू बोलायची परवानगी मिळाली. तो सबंध दिवस शब्द साठवून ठेवायचा आणि संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर तिच्यापाशी खर्चून टाकायचा. वहिनीची तक्रार — घरी एकसुद्धा शिल्लक येत नाही.

तो सांगायचा, ती ऐकायची. गुडघा गेला आणि खेळ सुटला, तेव्हा हे कॉलेज त्याला एका वर्षापुरतं मिळालं होतं. चेंडू तीन, त्यातले दोन पंक्चर. गवत त्याने स्वतः लावलं. एकदा मोठ्या क्लबने बोलावलं होतं; पगार, गाडी, सगळं.

"मग?"

"गेलो होतो. दुपारी परत आलो."

"का?"

"तिथे प्रत्येकाला आधीच खेळता येत होतं."

ती हसली. तो तिच्या हसण्याकडे बघत राहिला, आणि दोघांनी एकदमच नजर चुकवली.

मग सामन्यांचा मोसम आला. कॉलेज कधी नव्हे ते अंतिम सामन्यात पोचलं, आणि जिंकलंही. तो रेषेबाहेर हाताची घडी घालून गप्प उभा होता. करंडक हातात घेऊन कप्तान पळत आला. "सर, तुम्ही ओरडत नव्हता ना, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं ऐकू येत होतं." पोराने कौतुकानेच सांगितलं होतं. तो हसला, त्याची पाठ थोपटली... आणि त्या संध्याकाळी कट्ट्यावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "काल राजीनाम्याबद्दल बोलत होते. घरात बोलले, मॅडम, म्हणून मला जास्त भीती वाटली."

ती मैदानावर गेली. तो एकटाच चेंडू पोत्यात भरत होता.

"तीस वर्षं," तो मान वर न करता म्हणाला, "मला वाटत होतं, मी आहे म्हणून ते खेळतात. मी तर त्यांच्या कानात बसलो होतो."

तिला पटकन गोड काहीतरी बोलता आलं असतं. पण खोटं बोललेलं त्याला कळलं असतं. ती पोत्याचं तोंड धरून त्याच्यासमोर बसली.

"थोडं खरं आहे ते," ती म्हणाली. "पण एकमेकांचं ऐकून काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं? शिकवलंत, आणि मग शिकवलेलं ऐकायला सवड दिली नाहीत. आता द्या."

त्याने पुढचा चेंडू उचलला.

"आणि माझंही ऐका. मी तुमच्या आवाजासाठी यायला लागले. गाठ विरून महिना झाला. आता तुमच्या घशात माझं काहीच काम नाही. तरी रोज येते. का येते, ते एकदा तरी विचारा की."

चेंडू त्याच्या हातातच राहिला. "का..." म्हणताना आवाज पुन्हा फाटला.

ती सवयीने पुढे वाकली. "ताण येतोय का?"

"येतोय. पण घशात नाही."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा. चेंडू बाजूला ठेवून त्याने तळहात पँटला पुसला आणि तिच्यापुढे धरला. मैदानभर ऐकू जाणारा तो माणूस आता इतकं हळू बोलला की तिला श्वास रोखून ऐकावं लागलं.

"राजीनामा नाही देत. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. पण सकाळी मैदानावर येताना... तुमच्याच घरातून, म्हणजे आपल्या घरातून यावं असं वाटतं. चालेल?"

तिने त्याच्या हातात हात दिला. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज सरळ करणाऱ्या तिच्या तोंडून तो एवढासा शब्द अगदी घोगरा, फाटका, जेमतेम ऐकू येईल असा निघाला.

त्याने मात्र तो नीट ऐकला.