पिवळ्या माशाची वाळू

गाल टम्म सुजलेला माणूस दातांच्या डॉक्टरकडे आला, की आधी दाढेबद्दल बोलतो. हा पठ्ठ्या मात्र बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवत म्हणाला, "डॉक्टर, तुमची वाळू जाड आहे."

डॉक्टरचं नाक लाल झालं. दवाखाना तिने एकटीच्या हिमतीवर उभा केला होता, आणि ती खाऱ्या पाण्याची टाकीसुद्धा. कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. टाकीत एकच पिवळाधमक मासा होता आणि त्याच्यावर तिचा फार जीव होता.

"तुम्ही माशांचे डॉक्टर का?"

"छे. मी बांधकामाची वाळू तपासतो, चाळण्या लावून. पण तुमचा मासा सारखा तोंड खुपसतोय आणि मागे येतोय. त्याला वाळूत शिरायचंय... आणि हे खडे टोचतायत."

दाढ काढून झाली, तो गेला. ती मात्र टाकीपुढे बसून राहिली. माशाच्या तोंडाजवळ खरंच ओरखडे होते. वाळूवाल्याचं बरोबर होतं, आणि तेच तिला झोंबत होतं.

पुढच्या खेपेला तो पिशवीभर वाळू घेऊन आला. पिठासारखी बारीक, स्वच्छ धुतलेली. चेहऱ्यावर असा रुबाब, की जणू समुद्रच गाळून आणलाय. तिने चिमूटभर वाळू वाटीत घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. काही झालं नाही.

"फेस आला नाही. म्हणजे हिच्यात चुना नाही. समुद्राच्या माशाला शिंपल्यांची, प्रवाळाची वाळू हवी. दातांची डॉक्टर आहे मी, कॅल्शियम मला शिकवू नका."

तो मनापासून हसला. "मग चाळणी माझी, व्हिनेगर तुमचं... चालेल?"

"चालेल काय, धावेल," काउंटरवर बसलेली तिची मावशी पुटपुटली.

प्रवाळाची बारीक वाळू ठरली. ती थोडी थोडीच बदलायची होती, सगळी एकदम काढली तर पाणी बिघडतं. दर सुट्टीला तो बाह्या सरसावून यायचा. ती जुने खडे उपसायची, तो नळीतून नवी वाळू हळूच तळाशी सोडायचा. एकदा पाण्यात बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही ती काढली नाहीत.

शेवटचा कोपरा भरला आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं. ते निवळलं, तेव्हा मासा नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. पेशंटसमोर तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. संध्याकाळी तो धावतच आला.

"माझ्यामुळे झालं. मी तोंड उघडलंच नसतं तर –"

"गप्प बसा. वाळू मी निवडली. चूक असेल तर ती माझी." तिने त्याच्याकडे खुर्ची सरकवली. "पण... जाऊ नका. मला एकटीला हे बघवत नाही."

असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, आपण यात लहान झालो नाही. तो शेजारी बसला.

दोघं टाकीत डोकावून बघत राहिले. मग एका कोपऱ्यातली वाळू हलली. आधी पिवळं तोंड वर आलं, मग अख्खा मासा अंग झटकत बाहेर पडला. गढूळ पाण्याला घाबरून तो नव्या वाळूत शिरला होता. अंगावर एकही नवा ओरखडा नव्हता.

तिची मान ताठ झाली. माशाचा, वाळूचा आणि कोपरापर्यंत भिजायला तयार असलेल्या या माणसाचा तिला विलक्षण अभिमान वाटला.

"ऐका. आजपासून ही टाकी आपली. कुणी विचारलं तर मी तसंच सांगणार. मला तुम्ही आवडता."

"अहो, मी कधीपासून हेच बोलायचं म्हणतोय..."

"मी आधी बोलले."

"हो, डॉक्टर. तुम्ही आधी बोललात." त्याने तिचा हात हातात घेतला. "आणि हे मी जन्मभर मिरवणार आहे."

"मिरवा," मावशी म्हणाली, "पण आत पेशंट केव्हाचा तोंड उघडून बसलाय."

डॉक्टर हसत आत गेली, त्याला थांबायला सांगून.