टाकीतला आवाज

कोल्हापुरात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा लोकांनी जुन्या मोटारसायकली एक तर पुसून बैठकीत मांडल्या, नाही तर शकूर मिस्त्रींकडून त्यांना विजेची मोटार बसवून घेतली. यावरून गावात नुसती हमरीतुमरी. साळोख्यांच्या घरात तर बहीण-भावातच जुंपली.

गाडी त्यांच्या वडलांची, अण्णांची. साठ वर्षांची, पण एक ओरखडा शोधून दाखवा! अण्णा गेल्यावर इंदूला ती चालवायची होती. नऊ वर्षांची असताना ती याच गाडीवरून पडली आणि डाव्या पायानं कायमचा दगा दिला. म्हणजे आता सांगाड्याला तिसरं चाक, ब्रेक हातापाशी, शिवाय बॅटरीसाठी टाकी कापून नवा पत्रा जोडायचा. धाकट्या धैर्यशीलला हे ऐकवतच नसे.

"अक्का, अण्णांनी जीव लावला गं तिला," तो म्हणायचा.

"हो ना. तिलाच लावला," इंदू म्हणायची. हे तिला आयुष्यभर सलत होतं.

शकूर मिस्त्री अवलिया माणूस. कापण्याआधी गाडी ऐकायची, अशी त्यांची अट. त्यांच्याकडं 'धातुश्रुती' नावाचं नवं यंत्र होतं. जवळच्या आवाजानं पत्रा थरथरतो, त्याच्या खुणा धातूच्या कणांत राहतात. यंत्र त्या जागवायचं. नक्कल मात्र निघत नसे. पत्र्यावर तळहात ठेवला तरच आवाज हाडांतून चढायचा, आणि जोडकामाची आच लागली की कायमचा पुसला जायचा.

दुपारची वेळ. दोघांनी टाकीवर हात ठेवले. आधी इंजिनची फडफड, एका पोरीचं खिदळणं, मग काहीतरी आदळलं. इंदूनं डोळे मिटून घेतले. नंतर नुसतं फडक्याचं मऊ घासणं, वर्षानुवर्षांचं, पाण्याखालून ऐकू यावं तसं. मधूनच घंटा वाजायची, ती खंडेनवमीची पूजा. घंटा थांबली की दार लोटल्याचा आवाज, आणि अण्णा अगदी हळू बोलायचे.

"इंदे, अजून धीर होत नाही बघ. पुढच्या वर्षी बसवतो तुला."

दर खंडेनवमीला हेच. शेवटी शेवटी आवाज कापरा झाला होता, शब्द तेच. आपण काय समजत होतो या माणसाला, या विचारानं इंदूला भडभडून आलं.

धैर्यशीलनं हात काढून घेतला. "मिस्त्री, कापा," तो म्हणाला. "अण्णांना अक्काला गाडीवर बसवायचंच होतं."

आणि गंमत बघा, इतके महिने कापा-कापा म्हणणाऱ्या इंदूचाच हात टाकीवरून निघेना. गाडी चालली तर अण्णांचा शब्द खरा होणार, आणि तो पुन्हा कधीच ऐकू येणार नाही.

"नव्या पत्र्यावर माझा आवाज उमटेल?" तिनं मिस्त्रींना विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, ताई."

मग टाकीपाशी वाकून तिनं हळूच विचारलं, "अण्णा, जाऊ या?"