प्रोफेसरांची अंगठी

वाजवून झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो होतो. ड्रमवाल्या क्लोव्हिसकाकांनी राजमा-भाताची ताटली बाजूला सारली.

"भूत म्हटलं की हसा लेको. पण पियानोवाला डेल्मर इथेच राहतो, न्यू ऑर्लीन्स सोडून कुठे गेला नाही. उद्या त्याचा हात बघून या.

गेल्या सप्टेंबरातली शुक्रवारची रात्र. ओडेटचा त्याला फोन आला, 'डेल्मरदादा, वादळ येतंय. बाबांच्या घराच्या खिडक्या तेवढ्या लावाल?' बाबा म्हणजे आपले प्रोफेसर अल्सीड. या शहरात ज्याचा डावा हात पियानोवर पळतो, तो त्यांच्याच वाटेने पळतो. डेल्मर त्यांचा लाडका शिष्य. त्याचा डावा हात मंदावला की प्रोफेसर बोटातल्या जाड अंगठीने त्यावर टक्कन मारायचे. 'झोपलास का रे, गाढवा?'"

"मार खाऊन शिकले होय?" आमच्यातला सगळ्यात लहान जेरेल म्हणाला.

"तू खाल्ला असतास, तर आज ताल सुटला नसता. ऐक.

त्या वादळाआधीच प्रोफेसर गेले होते. पाठोपाठ डेल्मरला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. सुई टोचली तरी कळेना. भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला म्हणाला, 'हात नाही, तर मी कोण रे?'

त्या रात्री खिडक्या लावल्या, आणि वीज गेली. तो चाचपडत पियानोच्या बाकावर बसला. उजव्या हाताने प्रोफेसरांची चाल धरली. अर्धीच. लंगडी. रडू फुटलं त्याला.

'प्रोफेसर, एकदाच हात द्या... नाहीतर मलाही न्या.'

बाकाची डावी बाजू... दबली.

खालचे सूर वाजू लागले. चाल पुरी झाली. तो हसला.

मग लय वाढली. आणखी वाढली. उजवा हात पुरेना. पट्ट्यांवरून उचलावा, तर उचलेना.

'पुरे... प्रोफेसर...'

लय वाढतच गेली.

'माझा हात मेलाय हो!'

थांबलं सगळं.

वारासुद्धा.

मग मांडीवर पडलेल्या त्या मेलेल्या हातावर...

टक."

जेरेलने आपली बोटं काखेत दडवली होती.

"अंगठी ओडेटताईकडे असेल," तो पुटपुटला.

"ती त्यांच्या बोटातच राहू दिली. शवपेटीचं झाकण लावायला मी होतो."

"आणि डेल्मरकाकांचा हात? हलला?"

"नाही. पण मधल्या बोटावर गोल निळा वळ आहे. वर्ष झालं, जात नाही. सगळा हात बधिर, तेवढाच ठणकतो. रात्री उठून तो दाबून बघतो...

दुखलं की हसतो."