कस्तुराची शेवंती

“अहो मॅडम... डब्यात काय आहे?”

दीक्षा दचकली, पण उभी राहिली ती ताठच. हातात जेवणाचा डबा, नखांत माती आणि डब्यात शेवंतीच्या बुंध्यातून मुळासकट काढलेला कोवळा कोंब. समोर चऱ्होलीच्या या नर्सरीवाल्यांचा मुलगा, रोहिदास. हातात पाण्याचा पाइप, डोळ्यांत हसू.

“शेवंती.”

“चोरली?”

“परत नेतेय.” तिनं पाटीकडे बोट दाखवलं. ‘लक्ष्मण शेवंती’. “हे लक्ष्मण कोण?”

“आमचे अण्णा. माझे वडील.”

“मग विचारा त्यांना, कुठून आली. माझी आजी कस्तुरा तुमच्याकडे खुरपायला यायची. गावाकडून ओल्या फडक्यात बांधून तिनं ही आणली आणि तुमच्या आजीला दिली. बांधावरूनच दिली... दारात तिला कोण येऊ देत होतं?”

रोहिदासचं हसू मावळलं. पाइपातलं पाणी स्वतःच्याच बुटांत चाललंय, याचंही त्याला भान नव्हतं.

“आमची आजी घरात हिला कस्तुराची शेवंतीच म्हणायची,” तो हळूच म्हणाला. “ज्यानं रोप दिलं, त्याचं नाव. आमच्याकडं मामीची जाई हाय, तशी ही. मला वाटायचं, कस्तुरा म्हणजे कुणीतरी मावशीच असणार.”

दीक्षा भांडायच्या तयारीनं आली होती. भांडण असं अर्ध्यात सुटलं, तर रागाचं करायचं काय? त्यात त्याचे डोळे चांगले होते, याचा तर तिला जास्तच राग आला.

मग तो चाकणला तिच्या कंपनीच्या गेटबाहेर दिसू लागला. पहिल्यांदा आला तो शेणखताची पिशवी घेऊन.

“लोक फुलं आणतात,” ती म्हणाली.

“फुलं तू चोरतेस की! म्हणून मी खत आणलं.”

ती हसली आणि तिथंच फसली. थेरगावला तिच्या घरच्या गॅलरीत रोप वाढलं, तसं हेही वाढत गेलं. एकदा बाइकवर तो लाडात येऊन म्हणाला, “पाटी बदलतो. ‘दीक्षा’ ठेवू नाव?”

“थांबव गाडी!” ती उतरलीच. “माझं काय त्यात? आजीचं नाव आधी अण्णांनी खोडलं, आता तू खोडणार? तिचं नाव लाव.”

“अण्णांशी... बोलतो.”

“कधी?”

तो बुटांकडे बघत राहिला.

“बोललास की ये,” ती म्हणाली आणि रिक्षात बसली. रडली ती घरी पोचल्यावर.

थंडीत पिंपरीला फुलांचं प्रदर्शन भरलं. लक्ष्मणरावांच्या कुंडीशेजारी दीक्षानं आपली कुंडी ठेवली. तीच पांढरी फुलं, तोच फिकट पिवळा गाभा. पाटी मात्र ‘कस्तुरा’.

“हे रोप आमचं हाय! चोरलंय हिनं!” लक्ष्मणराव कडाडले. माणसं जमली.

“हो, चोरलंय. तुम्ही नाव चोरलंत, मी रोप चोरलं.”

“खुरपणाऱ्या बाईचं नाव फुलाला? कोण घेईल?”

“मी घेईन.” गर्दीतून रोहिदास पुढं आला. “अण्णा, आजी घरात हिला काय म्हणायची? सांगा की सगळ्यांना.”

लक्ष्मणरावांनी नजर वळवली. रोहिदासनं ‘लक्ष्मण’ची पाटी काढून त्यांच्या हातात दिली.

“घरी ये, मग बघतो तुला!”

“येतो. पण एकटा न्हाई येणार.”

अण्णा पाय आपटत निघून गेले. दीक्षानं कमरेवर हात ठेवले. “एकटा नाही म्हणजे? मी हो म्हटलंय का अजून?”

“मग म्हण की...”

ती कुंडीवर वाकली, बुंध्याजवळचा एक कोंब मुळासकट अलगद सोडवला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला. तिची बोटं तिथंच जरा रेंगाळली.

“ही चोरलेली नाही. दिलेली आहे.”

“मग घरात हिला दीक्षाची शेवंती म्हणायचं?”

“छे! कस्तुराचीच.” तिनं मान वर केली. “दीक्षा स्वतः येईल. पुढच्या दारानं.”