क्लोरिन रूममधली शिट्टी

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचलेली असती, तर निदान माझ्या वडिलांना तरी तिच्यात घेतलं नसतं.

घडली ती काकांच्या बाबतीत. काका म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. पत्ते खेळताना हातात हुकमाचा एक्का आला, की तो आधी त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. असा माणूस मला काय थापा मारणार?

आणि भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा.

हे सगळं भर दुपारी घडलं. मार्चच्या रणरणत्या उन्हात, सव्वातीनला, लख्ख उजेडात.

शहराच्या टोकाला पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. तिथे पाण्यात क्लोरिन सोडतात. तो येतो पिवळ्या लोखंडी टाक्यांतून. एकेक टाकी बसलेल्या बैलाएवढी, आणि आत नऊशे किलो क्लोरिन, दाबून द्रव करून भरलेला. या टाकीला टनर म्हणतात. हा गॅस बाहेर आला आणि त्याला ओल मिळाली, की त्याचं आम्ल होतं. ओल डोळ्यांत असते. घशात असते. फुप्फुसांत तर असतेच...

गळती झाली की टनरच्या खोलीत, म्हणजे क्लोरिन रूममध्ये, शिरणारी तिघांची टोळी होती.

टोळीचे प्रमुख माझे वडील. घरात आम्ही पोरंही त्यांना दादाच म्हणतो, कारण काका दादा म्हणतात. आजोबा लवकर गेले. काकांना दादांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं. दादांनी सांगितलं असतं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर काका पहाटे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले असते.

तिसरा पैलवान. वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून नाव पैलवान. त्याने पाठीवर हवेचं सिलेंडर चढवलं की काका ओरडायचे, "ए सिलेंडर, पैलवानाला नीट सांभाळून ने रे!" आणि पैलवान मुखवट्याच्या आतून शिव्या हासडायचा.

काका आणि पैलवान जोडीदार. आत जायचं ते दोघांनी, बाहेर यायचं तेही दोघांनी. हा टोळीचा पहिला नियम.

दुसरी गोष्ट शिट्टीची. पाठीवरची हवा संपत आली की मुखवट्याजवळ एक शिट्टी आपोआप वाजू लागते. दहा मिनिटं उरली, निघ, असा तिचा अर्थ. दादांनी काकांना ती डोळे बांधून ओळखायला शिकवली होती. "गॅस फुसफुसतो, शिट्टी किंचाळते," दादा म्हणायचे. "यात गल्लत केलीस तर एक दिवस माणूस गमावशील."

त्या दुपारी एका टनरच्या व्हॉल्व्हमधून गळती सुरू झाली.

काका आणि पैलवान आत गेले. व्हॉल्व्हवर बसवायचं टोपण नीट बसेना. सिलेंडर बदलायला दोघं बाहेर आले. काकांचा मुखवटा कानाजवळ सैल झाला होता, डोळे नुसते पेटले होते. ते इमारतीच्या कोपऱ्यावरच्या नळाकडे धावले आणि डोळ्यांवर पाणी मारत बसले.

मागे काय झालं ते त्यांना दिसलं नाही.

पाच मिनिटं गेली असतील, नसतील...

आणि आतून धाडकन आवाज आला. पाइप फुटला होता. दारातून हिरवट पिवळा लोट बाहेर यायला लागला, जमिनीलगत, सरपटत.

"छोट्या!" दादांची हाक आली. "लवकर ये! दार लाव!"

काका तसेच ओल्या तोंडाने, मुखवटा चढवत धावले.

"पैलवान कुठाय?"

"मागच्या गेटला पाठवलाय, लोकांना हटवायला. आत कुणी नाही. लाव!"

काकांनी जाडजूड लोखंडी दार दोन्ही हातांनी बाहेरून ओढायला घेतलं. दार अर्धं मिटलं...

आणि त्यांना ती ऐकू आली.

बारीक. कर्कश.

"दादा... शिट्टी वाजतेय!"

"गॅस आहे तो. लाव म्हणतो ना!"

काकांनी दार लावलं. कडी घातली. दाराला डोक्याच्या उंचीवर वाटीएवढी काच आहे. काकांनी तिच्यातून पाहिलं. आत नुसता हिरवा अंधार होता. मग पंख्यांची घरघर सुरू झाली, आणि आतलं काहीच ऐकू येईना.

गळती आटोक्यात यायला साडेपाच वाजले. पंख्यांनी खोलीतला गॅस ओढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जिरवला. मग दार उघडायला गेले, तर ते आतून जड लागत होतं.

पैलवान दाराला टेकून बसला होता.

दादा त्या दिवशी ओक्साबोक्शी रडले. चौकशीत त्यांनी सांगितलं, की मी त्याला गेटला पाठवलं होतं, तो परस्पर आत शिरला, बहुतेक पाना विसरला असेल. काकांनीही तेच सांगितलं. दादांचा शब्द म्हणजे काकांसाठी काळ्या दगडावरची रेघ. शिट्टीचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दादा गॅस म्हणाले होते, म्हणजे गॅसच असणार.

पैलवानाच्या बायकोला निरोप द्यायला काकाच गेले. "भावजी, तो एकटा कसा आत जाईल?" ती एवढंच विचारत राहिली.

तीन महिने गेले.

नवे पाइप बसले, नवे टनर आले. एका दुपारी काका नेहमीच्या तपासणीला क्लोरिन रूममध्ये गेले, एकटेच. गळती नसताना जोडीची गरज नसते.

तपासणीची रीत साधी आहे. अमोनियाच्या पाण्याची मऊ बाटली हातात धरायची, आणि प्रत्येक सांध्यापाशी ती हलकेच दाबायची. आतली वाफ बाहेर येते. तिथे क्लोरिन असेल तर पांढरा धूर होतो. नसेल तर काहीच होत नाही.

पहिला सांधा. काही नाही.

दुसरा. काही नाही.

सगळे सांधे ठणठणीत होते. काका परत फिरले...

आणि शिट्टी वाजली.

काका जागच्या जागी थिजले. त्यांना आधी वाटलं, बाहेरच्या कपाटातल्या एखाद्या मुखवट्याचा नळ कुणीतरी उघडा ठेवला असेल. ते बाहेर धावले. कपाटाला कुलूप होतं. कुलूप काढून पाहिलं, तर सगळे संच जागेवर, सगळे नळ घट्ट बंद.

शिट्टी मात्र वाजतच होती.

खोलीच्या आतून...

दुसरा कुणी पळून गेला असता. काका परत आत गेले. का गेलात, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "अरे, शिट्टी वाजतेय म्हणजे आत माणूस आहे. जायला नको?"

आत कुणी नव्हतं. गॅस मोजायच्या यंत्रावर शून्य. नाकाला वास नाही.

काकांच्या हातात बाटली तशीच होती. घाबरून मूठ आवळली गेली असेल. बाटली दाबली गेली.

आणि दारापाशी, जिथे ना पाइप होता ना सांधा, हवेत पांढरा धूर झाला.

तोंडाच्या उंचीवर.

धूर झाला... थांबला.

पुन्हा झाला... थांबला.

धापा टाकणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा.

मग शिट्टी एकदम बंद झाली. धूरही.

काकांनी बाटली खाली ठेवली. त्यांना भीती वाटत होतीच, पण ती मागे पडली. त्यांनी नुकतीच जी शिट्टी ऐकली होती, तीच त्या दिवशी दार लावताना ऐकली होती. तिळभरही फरक नव्हता. आणि डोळे बांधून ती ओळखायला शिकवणारा माणूस त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा होता.

काका तडक दादांच्या केबिनमध्ये गेले.

"दादा, त्या दिवशी तू शिट्टी ऐकली होतीस ना?"

दादा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

"ऐकली होती."

"आणि पैलवानाला आत कुणी पाठवलं होतं?"

"मी. तू नळावर होतास. म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे, टनर फिरवून व्हॉल्व्ह वर आणला की द्रव गळायचा थांबेल, नुसता गॅस येईल. निम्मं भरलेलं जुनंच सिलेंडर पाठीवर होतं, तसाच गेला बिचारा."

काकांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"साडेतीनला पलीकडची शाळा सुटणार होती," दादा म्हणाले. "वारा तिकडेच वाहत होता. दार उघडं ठेवलं असतं तर पोरं मेली असती. दार बंद झाल्याशिवाय पंखे गॅस ओढत नाहीत. तुला माहितीये."

"मग मला तसं सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तू दार लावलं असतंस?"

"नाही. मी आत गेलो असतो."

"म्हणून नाही सांगितलं. मला एकच भाऊ आहे, छोट्या."

राग यावा तर समोर आपल्याला वाढवणारा माणूस. रडावं तर तेही जमेना. शेवटी काकांनी खोलीत जे पाहिलं ते सांगितलं. दादा हसले नाहीत. वेड्यात काढलं नाही. नुसतं ऐकून घेतलं.

"पण तो माझ्यापाशी का येतो, दादा? तुझ्यापाशी का नाही?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याने मला कुठे पाहिलं? आतून काचेत त्याला तूच दिसला असशील."

हे बोलताना दादांच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. काकांनी ते ओळखलं. मग त्यांना तो दिवस पुन्हा आठवला. दादा दारापासून दोन पावलांवर होते. मुखवटा चढवूनच उभे होते. काका नळावर होते, चांगले तीस पावलं लांब, डोळे धड उघडत नव्हते.

दोन पावलांवरच्या माणसाने दार लावलं नाही. तीस पावलांवरच्या भावाला हाक मारली.

काका आजही हे सांगताना मोठ्याने बोलू शकत नाहीत. पैलवान मेला याचं दुःख वेगळं, पण ज्याच्या जिवावर आपण डोळे मिटून चाललो त्यानेच दार लावायला आपला हात पुढे केला, हे त्यांना गिळता आलेलं नाही.

त्यांनी दादांकडे एकच मागितलं. "एकदा माझ्याबरोबर चल. त्या खोलीत उभा राहा आणि मोठ्याने सांग त्याला, दार लावायला मी सांगितलं म्हणून. बास. पुन्हा या विषयावर एक शब्द काढणार नाही."

"उद्या येतो," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादा आले नाहीत. रजेचा अर्ज आला. आठवड्याने बदलीचा हुकूम आला, मुख्य कार्यालयात. आणि क्लोरिन रूमचा ताबा कुणाकडे, तर काकांकडे. शिफारस दादांची होती, खाली त्यांची वळणदार सही.

याला पाच वर्षं झाली.

दादा आता निवृत्त आहेत. सकाळी फिरायला जातात, दुपारी झोपतात. त्यांना झोपही शांत लागते. दोघं भाऊ घरच्या कार्यात एकमेकांशी हवापाण्याचं बोलतात. आई म्हणते, धाकट्या भावजींना हल्ली झालंय तरी काय.

काकांना काय झालंय ते मला माहीत आहे.

धूर अजून दिसतो. रोज नाही. महिन्यातून एखाद्या दुपारी. फक्त आता तो दारापाशी होत नाही. दर वेळी एक फरशी पुढे सरकलेला असतो... काकांच्या दिशेने. काका कितीदा सांगून बसलेत, "मला माहीत नव्हतं रे, आईशपथ मला माहीत नव्हतं." धूर थांबतो. ऐकल्यासारखा थांबतो. आणि पुढच्या वेळी आणखी एक फरशी पुढे.

गेल्या महिन्यात तो त्यांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर झाला. त्या रात्री काकांच्या घशात आग होती. डॉक्टर म्हणाले, घसा आतून भाजल्यासारखा दिसतोय. यंत्रावर मात्र शून्यच होतं.

मी दादांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून विचारलं. म्हटलं, एकदा जाऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.

दादा म्हणाले, "मला दम्याचा त्रास आहे. गॅसच्या जागी जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे."

त्यांना दमा नाही.

काल काकांचा फोन आला. आवाज पार बसला होता. म्हणाले, "एक काम करशील माझं? नाही म्हणू नकोस."

"बोला ना, काका."

"तुझा आवाज हुबेहूब दादासारखा आहे. फोनवर मी स्वतः फसतो. उद्या दुपारी खोलीत ये. बाटली मी धरतो. तू फक्त म्हणायचं, पैलवान, दार लावायला मीच सांगितलं. एवढं एकच वाक्य. मग तो माझ्याकडे यायचा थांबेल."

मी हो म्हणणारच होतो. काकांच्या खांद्यावर बसून मी मोठा झालोय. त्यांच्यासाठी एक वाक्य बोलायला काय जातंय?

मग मी सहज विचारलं, "आणि काका... तुमच्याकडे यायचा थांबला, की तो कुणाकडे जाईल?"

पलीकडे काका खोकत राहिले.

मी पुन्हा विचारलं.

"तू ये तर आधी," काका म्हणाले. "सव्वातीनला. मी दार उघडं ठेवतो."